टायफॉइड नव्हता

केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर माझे केस गेले. सकाळी उशीवर पुंजकेच्या पुंजके दिसायचे. शेवटी लेकीनेच ट्रिमर फिरवला. त्या दिवसापासून मी डोक्याला स्कार्फ बांधू लागले, अगदी घरातसुद्धा. बेल वाजली की हात आधी स्कार्फकडे जायचा. सांगलीहून मावशीचा फोन आला, तेव्हा सांगून टाकलं, "टायफॉइड झालाय गं."

लेक मार्व्हलच्या चित्रपटांची वेडी. एका दुपारी मला सलाइन लावलेलं असताना तिने मोबाइल पुढे धरला. २०१३ चा सान डिएगोचा कॉमिक-कॉन होता. मंचावर कॅरन गिलन नावाची उंच, लाल केसांची स्कॉटिश अभिनेत्री होती. बघता बघता तिने डोक्यावरचा टोप ओढून काढला आणि गर्दीत भिरकावला. खाली भादरलेलं डोकं! 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी'मधल्या निळ्या नेब्युलासाठी तिने केस उतरवले होते. पुढे तिच्याच केसांचा टोप करून तो तिने 'सेल्फी' या मालिकेत वापरला, असं लेकीने सांगितलं.

तिने केस भूमिकेसाठी दिले, माझे औषधाने नेले. दोन्ही एक नाही, हे मला कळत होतं. तरी ती क्लिप मी पुन्हा लावायला सांगितली.

मग तिच्याबद्दल वाचत गेले. जन्म १९८७ चा, इन्व्हरनेसचा. सोळाव्या वर्षी ती अभिनय शिकायला एडिंबराला गेली, मग लंडनला. २०१० मध्ये 'डॉक्टर हू'मधली एमी पाँड झाली आणि घराघरांत पोचली. त्यानंतर हॉलिवूड. एवढं सगळं मिळाल्यावर तिने पहिला मोठा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला, तो मात्र आपल्या गावावर. 'द पार्टीज जस्ट बिगिनिंग', २०१८ चा. नायिकाही तीच. तिच्या गावाकडच्या हायलँड्स भागात तरुण माणसं आत्महत्या करतात, त्या दुःखाचा हा चित्रपट.

लेकीने तो लॅपटॉपवर लावून दिला. त्यातल्या मुलीचा जिवलग मित्र गेलाय. ती दारू पिते, भटकते, पण त्याच्याबद्दल घरात कुणाशी बोलत नाही. आणि हेल्पलाइन समजून एक म्हातारा तिलाच फोन करत राहतो. ती फोन ठेवून देत नाही, ऐकते. मला सगळ्यात भिडलं ते हे. मदत कुणी मोठ्या तज्ज्ञाने केलेली नाही. जिचं स्वतःचंच काही धड नाही, तिने एका अनोळखी माणसाचं नुसतं ऐकून घेतलंय.

मला वाटायचं, आजाराचं सांगितलं की लोक कीव करतील. म्हणून मी कुणाला ऐकायची संधीच देत नव्हते. मावशी दर रविवारी फोन करायची, मी दर रविवारी थाप मारायची. बिचारी मला पेज पिण्याच्या सूचना द्यायची.

पुढच्या रविवारी मी स्कार्फ काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पंख्याचा वारा डोक्याला गार लागला. फोन वाजला.

"मावशी, टायफॉइड नव्हता गं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मावशीने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"हं, बसले मी," ती म्हणाली. "आता सांग."