कोबुर्गचा मॉरिस

कोबुर्गच्या रस्त्यांवर गटाराची झाकणंसुद्धा बघत चालावं. ओतीव लोखंडात उमटलेला एक चेहरा तिथे दिसतो: एका बाजूने काढलेला, जाड ओठांचा, कानात बाळी असलेला काळा माणूस. शहराच्या मानचिन्हावर तोच सोनेरी ढालीवर विराजमान आहे. बव्हेरियाच्या उत्तर टोकाचं हे गाव. इथल्या किल्ल्यावर १५३० मध्ये मार्टिन लूथर काही महिने मुक्कामाला होता. अशा गावाच्या ढालीवर आफ्रिकी चेहरा आला कुठून?

तो संत मॉरिसचा चेहरा. गावाचा रक्षक संत तोच, आणि उंचीने असमान अशा दोन मनोऱ्यांचं इथलं जुनं चर्चही त्याच्याच नावाचं. आख्यायिका अशी, की मॉरिस हा इजिप्तमधल्या थीब्जहून आलेल्या रोमन पलटणीचा नायक होता. ख्रिस्ती माणसांवर शस्त्र चालवा, असा सम्राटाचा हुकूम आला. पलटणीने नकार दिला. मग दहांतला एक मारला गेला. नकार कायम राहिला. पुन्हा दहांतला एक. शेवटी आल्प्सच्या पायथ्याशी, आज स्वित्झर्लंडमध्ये असलेल्या जागी, सगळी पलटण कापली गेली.

या माणसाचं खरं दर्शन घडतं ते मात्र मॅग्डेबर्गच्या कॅथेड्रलमध्ये. १२४० च्या सुमारास घडवलेला वालुकाश्माचा पुतळा आहे तो. गुडघ्यांखालचा भाग गेला आहे, पण अंगात साखळ्यांचं चिलखत आहे, डोकंही त्याच जाळीने वेढलेलं, आणि मधल्या मोकळ्या जागेतून काळा, रुंद नाकाचा चेहरा बघतो. जिवंत माणूस समोर बसवून घडवावा, तसा. त्याच्यात कुठेही गंमत नाही, नवलाई नाही. एक शिपाई, एवढंच. युरोपातल्या एका कारागिराने कृष्णवर्णीय माणसाला इतक्या सरळ नजरेने पाहिलं, हे मला त्या शतकातलं मोठं काम वाटतं.

१९२९ मध्ये कोबुर्गच्या नगरपालिकेत नाझी पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. जर्मनीत असं होणारं हे पहिलंच शहर. १९३४ मध्ये ढालीवरून मॉरिसला उतरवलं आणि तिथे तलवार आली, मुठीवर नाझी स्वस्तिक घेऊन. हुकूम नाकारून मेलेल्या शिपायाला हुकूम पाळणाऱ्यांनी हाकललं, हे वाचताना आजही माझं रक्त तापतं. युद्ध संपल्यावर तो परत आला.

२०२० मध्ये वाद पेटला. हे चित्र काळ्या माणसांचा अपमान करतं, ते बदला, असं काहींचं म्हणणं. आमचा संत आमच्याकडून हिरावून घेऊ नका, असं इतरांचं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मॉरिस ढालीवर राहायलाच हवा. पण चिलखत काढून घेतलेला, बाळी आणि ओठ यांवरच ओळखला जाणारा हा चेहरा त्याचा नव्हे. हे चित्र नव्याने रेखायला कुणी बसलं, तर त्याने आधी एल्बे नदीकाठी मॅग्डेबर्गला जाऊन यावं.