खाडीपलीकडची तपासणी

फेब्रुवारीतील पहाट. मानखुर्द मागे टाकून लोकल वाशीच्या खाडीपुलावर आली आणि ओहोटीच्या चिखलात रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग दिसली. पुतण्याचे डोळे मात्र मिटत होते. वहिनींनी त्याला हलवून जागे केले. ईईजीपूर्वी रात्र जागून काढायची, केसांना तेल लावायचे नाही, अशी ताकीद होती. तीन औषधे घेऊनही या १७ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा आकडी येते. गेल्या महिन्यात लोकलमध्येच आली, तेव्हा कोणीतरी चप्पल हुंगवायला धावले होते! अपस्माराच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना औषधे पुरी पडत नाहीत.

नेरुळला उतरलो. सिडकोने आखलेल्या या शहराचे रस्ते रुंद, सकाळी तर निवांतच. रुग्णालयात तंत्रज्ञाने फीत लावून डोके मोजले, पेस्टने तारा चिकटवल्या. मग तीन मिनिटे जोरजोरात श्वास, डोळ्यांसमोर लुकलुकणारा दिवा. पडद्यावर लहरी थरथरत होत्या.

डॉक्टरांनी सुचवलेला उपाय असा : छातीवर डावीकडे, कॉलरबोनखाली छोटे यंत्र बसवायचे, त्याची तार मानेतील व्हेगस मज्जातंतूला ठरावीक अंतराने सौम्य विद्युतस्पंद देते. सुमारे निम्म्या रुग्णांत झटके अर्ध्यावर येतात, पूर्ण थांबणारे थोडेच. खर्च लाखांत.

"डॉक्टर, याला लागू पडेल का, ते आधी कळेल?" दादाने विचारले. यंत्रासाठी गावची जमीन काढायची होती.

डॉक्टरांनी ब्रनोचे नाव घेतले. मेंडेलने वाटाण्याचे प्रयोग केले ते चेक गाव. तेथील संशोधकांनी ६० रुग्णांचे यंत्र बसवण्यापूर्वीचे ईईजी पुन्हा तपासले. दिव्याला आणि जोराच्या श्वासाला लहरींचा प्रतिसाद कसा होता, यावरून गुण कोणाला येईल याचा अंदाज शंभरात ८६ वेळा बरोबर ठरला. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. "पण तेथे निकाल आधीच ठाऊक होते," ते म्हणाले. "नव्या रुग्णाला आधी भाकीत सांगून ते खरे ठरणे, ही वेगळी परीक्षा. आजच्या आलेखावरून मी जमीन विकायला सांगणार नाही. झटका मेंदूत कोठे सुरू होतो ते आधी पाहू. तो भाग काढता येण्याजोगा असेल, तर यंत्राचा प्रश्नच मागे पडेल."

मला हे उत्तर पटले, दादाला नाही. परतताना तो एक शब्दही बोलला नाही. खाडीत भरती आली होती. पुतण्या वहिनींच्या खांद्यावर झोपला होता. या वेळी त्याला कोणी उठवले नाही.