बिऱ्हाड पिनांगचें, अर्ज मेलबर्नचा

संसाराचा पुरावा मागितला जावा आणि नेमका त्याच वेळीं सारा संसार दोन बॅगांत भरलेला असावा, अशी आमची स्थिति २०२५ च्या ऑगस्टांत पिनांग बेटावर झाली होती. सिंगापुरांतील तीन वर्षांचें बिऱ्हाड मोडून आम्ही उभयतां मलाया द्वीपकल्पांतून सावकाश उत्तरेकडे निघालों होतों. यजमान ऑस्ट्रेलियाचे नागरिक. सासूबाई व धाकटे भावजी मेलबर्नला असतात. प्रस्तुत लेखिका पुण्याची, आणि पासपोर्टही भारताचाच. लग्नास पुरें दीड वर्ष झालें नव्हतें. सप्टेंबरअखेर यजमानांस मेलबर्नला कामावर रुजू व्हावयाचें होतें, आणि त्यापूर्वीं पत्नीच्या कायम वास्तव्यासाठीं अर्ज करावयाचा होता.

क्वालालंपूरहून विजेच्या आगगाडीनें चार-साडेचार तासांत बटरवर्थ येतें, आणि तेथून बोटीनें सामुद्रधुनी ओलांडली कीं समोर जॉर्जटाऊन. १७८६ सालीं फ्रान्सिस लाइट ह्या इंग्रज व्यापाऱ्यानें कंपनी सरकारच्या वतीनें हें बेट ताब्यांत घेतलें. तेव्हांपासून चिनी, तामीळ, अरब, आर्मेनियन, ज्याला ज्याला व्यापाराची ओढ होती तो येथें येऊन राहिला. एकाच रस्त्यानें चालत गेलें असतां १८१८ चें सेंट जॉर्ज चर्च, चिनी करुणादेवतेचें धुरानें काळवंडलेलें देऊळ आणि कपितान केलिंग मशीद अशीं ओळीनें लागतात, आणि शेजारच्या गल्लींत १८३३ सालचें महामारिअम्मनचें मंदिर आहे. केळीच्या पानावर जेवण वाढणाऱ्या तामीळ खाणावळी तर पावलोपावलीं. वरणभाताची आठवण तेवढ्यानें भागते, जात नाहीं.

मलेशियांत शिरतांना एकाच टेबलापुढें उभ्या राहिलेल्या नवराबायकोपैकीं यजमानांस नव्वद दिवसांची मुभा मिळाली, आम्हांस तीस. त्या तिसांतले नऊ वाटेंतच खर्चले होते.

आमची खोली समुद्रालगतच्या एका गल्लींत, एका चिनी आजीबाईंच्या घरीं होती. त्यांचें माहेर समोरच्या चू धक्क्यावर. हे धक्के म्हणजे पिनांगांतली पाहण्यासारखी गोष्ट खरी. एकोणिसाव्या शतकांत फुकियन प्रांतांतून आलेल्या लोकांनीं समुद्रांत खांब रोवून त्यांवर लांकडी घरें बांधलीं. बहुतेक धक्क्यांवर एकेका आडनांवाचीच वस्ती. मध्यें फळ्यांची वाट, दोहों अंगांस घरें, प्रत्येक दारापुढें लहानसा लाल देव्हारा, आणि खालून भरतीचें पाणी. आपल्याकडील भावकीच्या वाड्यांची आम्हांस आठवण झाली. २००८ सालीं जॉर्जटाऊनची गणना जागतिक वारसास्थळांत झाली, तींत हे धक्केही आले. परंतु आजीबाईंनीं सांगितलें तें ऐकून आम्ही चकित झालों. खालचा समुद्र व किनारा सरकारचा. त्यामुळें पिढ्यान्‌पिढ्या राहणारीं हीं माणसें तात्पुरत्या वहिवाटीच्या परवान्यावर राहतात, आणि तो वेळोवेळीं नवा करून घ्यावा लागतो. आजीबाईंचे आजोबा त्या परवान्यावर राहिले, वडील राहिले, आतां भाऊ राहतो. त्या हें अगदीं सहज सांगत होत्या. आम्हांसच तें सहज घेतां येईना.

आतां आमच्या परवान्याविषयीं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यांत जोडीदाराच्या आधारानें अर्ज करण्याचे दोन मार्ग आहेत. देशाबाहेर असतांना करावयाचा तो ३०९ क्रमांकाचा, देशांत असतांना करावयाचा तो ८२० क्रमांकाचा. दोहोंतही आधीं तात्पुरती परवानगी, आणि अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनंतर पुनः तपासणी होऊन कायमची. भावजींचा आग्रह दुसऱ्या मार्गाचा होता. पाहुणे म्हणून या, येथूनच अर्ज करा. निकाल लागेपर्यंत जोडपरवान्यावर एकत्र राहतां येईल. यांत तथ्य होतें. परंतु कितीएकदां पाहुण्याच्या व्हिसावरच पुढें वास्तव्य वाढवितां येणार नाहीं अशी अट घातलेली असते. शिवाय त्या जोडपरवान्यावर असतां देश सोडला तर परवाना तेथेंच संपतो. बाहेर जावयाचें असल्यास आधीं कारण दाखवून निराळी परवानगी काढावी लागते. पुण्यास बाबांचें वय ब्याऐंशी. बाहेरून अर्ज केल्यास पुण्याचा दरवाजा उघडा राहतो, परंतु निकालापर्यंत बायको एकीकडे आणि नवरा दुसरीकडे. पूर्वीं परवानगी मिळतेवेळींही अर्जदारानें देशाबाहेरच असावें लागे. ती अट २०२३ च्या नोव्हेंबरांत कायमची गेली, एवढाच दिलासा. फी नऊ हजार डॉलरांहून अधिक, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत येत नाहीं. आम्ही रोज सायंकाळीं धक्क्याच्या टोकाशीं बसून हाच काथ्याकूट करीत होतों.

पुरावा चार अंगांनीं पाहतात: पैशाचा व्यवहार, घरकाम, समाजांतील ओळख आणि परस्परांविषयींची बांधिलकी. सिंगापुरांतील भाडेपत्र यजमानांच्या नांवें, विजेचें बिल आमच्या; येथवर ठीक. पुढें मात्र वाटेवरच्या उतारूगृहांच्या पावत्यांवर एकच नांव, आणि पुढें "माणसें दोन". दहा वर्षांतील सारा प्रवास तारीखवार मांडा, ज्या देशांत एकूण वर्षभर वा अधिक राहिलां तेथील पोलिसांचा दाखला आणा, ओळखीच्या दोघांकडून, शक्यतों त्या देशाच्या रहिवाशांकडून, ८८८ क्रमांकाचें समर्थनाचें निवेदन घ्या. भावजी व मेलबर्नच्या शेजारीणबाई यांनीं तें दिलें. बाबांनींही आपण होऊन मराठींत पत्र लिहिलें. "कन्या व जावई एकमेकांशीं नीट वागतात, आणि भांडतातही घरच्यासारखीं." इंग्रजी करून देणाऱ्या गृहस्थांनीं "घरच्यासारखीं" या शब्दासाठीं दोनदां फोन केला.

उभयतांनीं आपापली हकीकत स्वतंत्र लिहावयाची असते. लिहून ताडून पाहतों तों पहिल्या भेटीलाच मेळ नाहीं! आमच्या कागदांत एका स्नेह्यांकडील दिवाळीचा फराळ. यजमानांच्या कागदांत त्याच्या तीन आठवडे आधींचा बसथांबा व पाऊस. त्या दिवशीं त्यांनीं आम्हांस पाहिलें होतें म्हणे. आम्हांस पत्ताही नव्हता. खाडाखोड न करतां दोन्ही तशींच ठेवलीं, आणि खालीं खुलासा जोडला. सरकारच्या निमित्तानें का होईना, ही गोष्ट आम्हांस कळली.

सत्तावीस ऑगस्टला गणेशचतुर्थी. तामीळ बाजारांतून वीतभर मातीची मूर्ति आणली. मोदकांस तांदळाची पिठी मिळाली, नारळ तर दारचा. पण उकड कांहीं साधेना, आणि शेवटीं तळणीचे करावे लागले. आजीबाई पूजेस येऊन बसल्या व आमचें छायाचित्र काढलें. यजमानांनीं तें लगेच पुराव्याच्या चौथ्या अंगांत घातलें. आम्हांस तें कसेंसेंच वाटलें. देवापुढचें चित्र कचेरींत जावयाचें! पण तेंच चित्र सर्वांत खरें होतें, हेंही तितकेंच.

दीड दिवसांच्या गणपतीचें बादलींत विसर्जन झालें, आणि तिसाव्या तारखेस पहांटे पुण्याहून दादांचा फोन आला. बाबा न्हाणीघरांत घसरले, मांडीचें हाड मोडलें, दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया. कोणता मार्ग, हा प्रश्न त्यानंतर कोणीं काढलाच नाहीं. त्याच रात्रीं आजीबाईंच्या जेवणाच्या मेजावर लॅपटॉप ठेवून ३०९ चा अर्ज भरला. रात्रीं दीडच्या सुमारास फी भरली गेली. खालच्या गल्लींत कोणी फळ्या धूत होतें. एक सप्टेंबरला आम्ही पिनांगच्या विमानतळावर निरनिराळ्या दारांनीं निघालों. यजमानांचें विमान क्वालालंपूरवरून मेलबर्नकडे, आमचें पुण्याच्या वाटेवर.

अर्ज केल्यावर पत्ता चवदा दिवस वा अधिक काळासाठीं बदलला तर कळवावें लागतें, आणि किती काळासाठीं तेंही. पुण्याचा पत्ता भरतांना तो दुसरा रकाना आम्हांस भरवेना. बाबा खाटेवरून म्हणाले, "लिही, वडील चालूं लागेपर्यंत." तसें लिहितां येत नाहीं, सहा महिने लिहिलें. बोटांचे ठसे आणि त्या सरकारनें नेमलेल्या डॉक्टरांकडील तपासणी, हीं कामें यथावकाश झालीं. वहिनींनीं दुपारची पाळी घेतली, आम्हीं रात्रीची; यजमानांचा फोन मेलबर्नच्या पहांटे येतो, तेव्हां येथें मध्यरात्र असते.

अर्जाच्या पानावर अजून "प्राप्त" एवढाच शब्द दिसतो. आजीबाईंचा निरोप आला कीं, भावाचा परवाना यंदांही नवा झाला; आमचें काय, अशी विचारणाही होती. यजमान चैत्रांत पंधरा दिवसांच्या रजेवर येत आहेत. बाबा काठी घेऊन कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊं लागले आहेत.