डोंगरउतारावरचे बंदर आणि कवीचे घर

चिलीची राजधानी सँतियागोहून बसने दीड-दोन तासांत वालपारायसोला पोहोचता येते. समुद्रालगत सपाट जमीन जेमतेम, मागे चाळीसहून अधिक टेकड्या आणि त्यांवर एकाच्या डोक्यावर दुसरे अशी घरे. पणजीत आल्तिनो चढताना ज्यांना धाप लागते, त्यांनी इथे जरा बेतानेच घ्यावे. अर्थात सोय आहे. रुळांवरून तिरके वर जाणारे, दोराने ओढले जाणारे डबे इथे आहेत. त्यातला पहिला १८८३ साली सुरू झाला. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. काही आज बंद पडले आहेत, पण जे चालू आहेत त्यांत बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका आपल्याशेजारी उभ्या असतात.

घरांच्या भिंतींवर पन्हाळी पत्रे आणि त्यांवर पिवळे, निळे, तांबडे रंग. जहाजांचा उरलेला रंग घरांना लावत, असे सांगतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून येणारी जहाजे पूर्वी इथे थांबत. १९१४ साली पनामा कालवा खुला झाला आणि त्यांचा रस्ताच बदलला. गावाची श्रीमंती ओसरली, आणि बहुधा म्हणूनच जुनी घरे पाडायला कुणाला पैसा राहिला नसावा. २००३ मध्ये युनेस्कोने जुन्या वस्तीला जागतिक वारशाचा मान दिला.

पाब्लो नेरुदांचे एक घर याच टेकड्यांवर आहे, पण त्यांचे आवडते घर दक्षिणेला किनाऱ्याने बसने गेल्यावर लागते. गावाचे नाव इस्ला नेग्रा, म्हणजे काळे बेट. बेट मात्र नाही! मालगुंडला केशवसुतांचे घर पाहिलेल्यांनी तसला साधेपणा इथे शोधू नये. स्पॅनिश खलाशाकडून घेतलेले छोटे दगडी घर नेरुदांनी लांबट वाढवत नेले. आत गलबतांच्या नाळेवरच्या लाकडी बायका, शंख, रंगीत बाटल्या. अंगणात रेल्वेचे इंजिन, कारण वडील रेल्वेत कामाला होते. जमिनीवर ठेवलेल्या होडीत बसून ते मित्रांबरोबर मद्य घेत. त्यांच्या मद्यगृहाच्या तुळयांवर दिवंगत मित्रांची नावे कोरलेली आहेत, त्यांत लोर्काचेही आहे. मी तिथे सर्वांत जास्त वेळ उभी राहिले.

पण घर पाहताना त्यांचे आत्मचरित्र डोक्यातून जात नव्हते. १९२९ च्या सुमारास ते कोलंबोत चिलीचे वाणिज्यदूत होते. रोज पहाटे त्यांचे शौचकूप साफ करायला एक तमिळ बाई येत असे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची. एके दिवशी तिच्या इच्छेविरुद्ध त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तिने आपला तिरस्कार केला तो योग्यच, असेही. तिचे नाव पुस्तकात नाही. डोक्यावर मैला वाहणाऱ्या बायका आपल्याकडेही होत्या, त्यामुळे ते पान परक्या देशातले वाटत नाही. २०१८ मध्ये सँतियागोच्या विमानतळाला नेरुदांचे नाव द्यायचे ठरत होते, तेव्हा चिलीतल्या स्त्रियांनी हाच प्रसंग पुढे करून विरोध केला. नाव बदलले नाही. मला तो विरोध रास्त वाटतो. कविता मात्र मी वाचतच राहणार.

सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर बारा दिवसांनी नेरुदा गेले. लष्करी राजवटीत हे घर बंद होते, तरी लोक येऊन कुंपणाच्या फळ्यांवर कवीसाठी निरोप लिहून जात. १९९२ मध्ये त्यांचे आणि पत्नी मातिल्दे यांचे अवशेष इथे आणून समुद्राकडे तोंड करून पुरले. मृत्यूविषयीच्या शंकेमुळे २०१३ साली नेरुदांची कबर पुन्हा उघडावी लागली. आता तिच्याभोवती फुले आहेत. समोरच्या काळ्या खडकांवर लाटा इतक्या जोरात आपटतात की शेजारच्याशी बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. निघण्यापूर्वी दिवस नीट पाहावा. सोमवारी घर बहुधा बंद असते.