सासूची जीभ

झाडांवर माझं प्रेम आहे. आमच्या ब्लॉकवर मात्र झाडांचं नाही. उत्तरेकडे तोंड केलेली अडीच फुटांची गॅलरी, समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, आणि ऊन म्हणाल तर त्या भिंतीवर आपटून जे काही उसनं येईल तेवढंच. मोगऱ्याने महिन्याभरात राजीनामा दिला. जास्वंदीला कळ्यांऐवजी पांढरी कीड आली. गुलाबाचे काटे तेवढे दीर्घायुषी निघाले. तुळस तर तीनदा लावली आणि तिन्ही वेळा काड्या झाल्या. चौथ्यांदा नर्सरीत गेलो तेव्हा त्या नर्सरीवाल्यालाच आमची (किंवा झाडांची) दया आली असावी. त्याने मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून एक कुंडी ओढून काढली. जमिनीतून सरळ वर आलेली चार-सहा तलवारीसारखी पानं, हिरव्यावर आडवे राखी पट्टे, आणि दोन्ही कडांना पिवळाधमक काठ.

"हे घेऊन जा साहेब. ऊन नको, खत नको, पाणी पंधरा दिवसांनी. पावसाळ्यात महिन्याने घातलंत तरी चालेल. ह्या झाडाला फक्त एक गोष्ट चालत नाही."

"कोणती?"

"प्रेम."

'स्नेक प्लांट' हे त्याचं सभ्य नाव. इंग्रजीत त्याला 'मदर-इन-लॉज टंग' म्हणजे सासूची जीभ असंही म्हणतात, हे त्याने आमच्या हिच्यासमोर उगाच सांगितलं. ही रिक्षात बसेपर्यंत गंभीर होती आणि रिक्षात बसल्यावर घर येईपर्यंत हसत होती. घरी माझी आई, म्हणजे हिची सासू, वाट बघत होती.

"काय म्हणतात रे ह्याला?" आईने विचारलं.

"सापाचं झाड," मी म्हणालो. दोन नावांपैकी कमी विषारी कोणतं हे संसारी माणसाला शिकवावं लागत नाही.

वडील गेल्यावर आई चिपळूणकडचं घर बंद करून आमच्याकडे आली, त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. तिकडे तिचा दिवस दारच्या तुळशीपासून सुरू व्हायचा आणि परसातल्या अळवापाशी संपायचा. मध्ये नारळ, केळी, अनंत आणि तगर. इकडे तिचा दिवस सुरू व्हायचा खरा, पण पुढे जायचा कुठे? स्वैपाकघरात हिने काही करू द्यायचं नाही, कारण "आई, आता आराम करा." आराम ही गोष्ट आईने आयुष्यात कधी केलेली नव्हती, त्यामुळे ती कशी करतात हे तिला ठाऊक नव्हतं.

झाडाची कीर्ती मात्र बिल्डिंगभर झाली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी बजावलं, "झोपायच्या खोलीत ठेवा. हे हवा शुद्ध करतं. खुद्द 'नासा'ने सांगितलंय!" 'नासा'ने १९८९ मध्ये असा अहवाल काढला होता हे खरं आहे, पण ते प्रयोग लहानशा, हवाबंद पेट्यांमध्ये केलेले होते. आमचा ब्लॉक लहान आहे, पण हवाबंद नाही. शिवाय २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा फेरहिशेब झाला. खिडक्या-दारांतून हवा जेवढी आपोआप बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असं त्यात निघालं. आमची खोली दहा बाय दहा. म्हणजे अगदी काटकसरीने नव्वदच्या वर कुंड्या. मग आम्ही गॅलरीत झोपायचं, आणि शुद्ध हवा कुंड्यांनी खायची.

हे झाड रात्री प्राणवायू सोडतं, हीदेखील प्राध्यापकांचीच माहिती. ते रात्री जागं असतं एवढं मात्र खरं. आफ्रिकेच्या पश्चिम भागातलं हे झाड, कोरड्या दिवसांची सवय असलेलं. दिवसा पानांची छिद्रं उघडली तर आतली ओल उडून जाईल, म्हणून ते रात्रीच्या गारव्यात दारं उघडून कार्बन डायऑक्साइडचा माल भरून ठेवतं आणि दिवसा दारं लावून कारखाना चालवतं. प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. पाणी जपून ठेवण्याची एवढी युक्ती अंगी असलेल्या झाडाला रोज पाणी घालणं म्हणजे उपास सोडून नुकत्याच उठलेल्या माणसाला दर तासाला श्रीखंड वाढण्यासारखं आहे.

आणि पाणी तर रोज पडत होतं. आईच्या पूजेच्या ताम्हनातलं पाणी गावी तुळशीला जायचं. इथे तुळस नाही. देवाचं पाणी मोरीत ओतायचं? मग उरलं कोण? सापाचं झाड! रोज सकाळी आई गॅलरीत जायची, इकडेतिकडे बघायची आणि ताम्हन रिकामं करायची. शिवाय दुपारी एक गडू. "उन्हाचं बिचारं!" हे उत्तरेच्या गॅलरीत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सहा महिन्यांत ज्या बाईला पहिल्यांदा एक काम सापडलं, तिच्या हातातलं ताम्हन काढून कोण घेणार?

झाड तीन महिने टिकलं. मग एक पान बुडाशी पिवळं, मऊ झालं आणि आडवं पडलं. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन. आईने कुंडीत बोट घातलं, वास घेतला आणि काही न बोलता आत जाऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, "गावी काठी रोवली तरी पालवी फुटायची रे. आता हाताला यश नाही राहिलं."

मी कुंडी उचलून नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने लांबूनच नाक मुरडलं. "कोणी प्रेम केलं?" त्याने विचारलं.

गड्डे कुजले होते, त्यामुळे फुटवे निघण्याची आशा नव्हती. पण वरची पानं अजून टणक होती. त्याने सांगितलं, पानांचे बोटभर तुकडे करा, कापलेली बाजू दोन दिवस वाळू द्या आणि वाळूमिश्रित मातीत रोवा. खालचं टोक खालीच गेलं पाहिजे. उलटं रोवलेलं मुळं धरत नाही. आणि मग विसरून जा.

हे सगळं आईकडे सोपवायची कल्पना हिची. विसरून जायचं तेवढं कसं जमवायचं, हा प्रश्न होता. तोही हिनेच सोडवला. दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडून अळवाचे कांदे आणले, फुटकी बादली मातीने भरली, कांदे पुरले आणि म्हणाली, "आई, हे तुम्हीच बघा हं. ह्याला पाणी कमी पडलं तर लगेच मान टाकतं." ताम्हन, गडू, तांदूळ धुतल्याचं पाणी सगळं अळवाला जाऊ लागलं. अळूसुद्धा तसं ओढाळच. जेवढं घालाल तेवढं पिणार. दोन महिन्यांनी पहिलं फदफदं झालं. स्वैपाकघरात आईला वाटही मिळाली, कारण फदफदं करण्यात हिची मजल भज्यांच्या पुढे नाही.

सापाच्या झाडाकडे कुणी बघितलं नाही. साहजिकच ते जगलं. पाच महिन्यांनी तुकड्यांच्या बुडाशी टोकदार कोंब आले. पण हिरवे, राखी पट्ट्यांचे. पिवळ्या काठाचा पत्ता नाही. नर्सरीवाला म्हणाला, असंच होतं. काठ टिकवायचा तर मुळासकट फुटवाच लावावा लागतो. पानापासून केलेल्या रोपात तो उतरत नाही. आई चष्मा लावून बराच वेळ कोंबाकडे बघत होती. मग म्हणाली, "काठ गेला. पोत तेच आहे हो." आणि पदर सारखा करून अळवाला पाणी घालायला गेली. ही माझ्याकडे बघत होती. मी रस्त्याकडे.

शास्त्रज्ञांनीसुद्धा २०१७ मध्ये ह्या झाडाचं नाव बदललं. जन्मभर 'सॅन्सेव्हिएरिया' म्हणून राहिलेल्याला 'ड्रेसिना'च्या घरात दिलं. नर्सरीतल्या पाटीवर अजून माहेरचंच नाव आहे. त्याच्या भारतातल्या बहिणीला तर फार जुना मान. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात ते मूर्वा नावाच्या वनस्पतीवरून, आणि ती मूर्वा म्हणजे हीच बहीण असं काही जाणकार मानतात.

ते दुसरं नाव शेवटी प्राध्यापकांनीच फोडलं. चहा पिता पिता म्हणाले, "आजी, ह्याला सासूची जीभ म्हणतात, ठाऊक आहे ना?" ही पदर तोंडाला लावून आत पळाली. आईने झाडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लांब आहे, ताठ आहे," ती म्हणाली, "पण बोलत कुठे आहे?"

आता आमच्याकडे आठ कुंड्या आहेत. फुटवे वेगळे करून बिल्डिंगभर वाटणं हे खातं आईकडे आहे आणि त्यात ती कुणाचं ऐकत नाही. परवा चौथ्या मजल्यावरची नवी सून रोप न्यायला आली होती. आईने कुंडी तिच्या हातात दिली आणि दारापर्यंत जाऊन बजावलं, "पाणी घालू नकोस हो. आणि तुझ्या सासूबाईंना तर मुळीच घालू देऊ नकोस."