रेणुकेच्या गावातला मुक्काम

सोमवार, किनवट

नांदेडहून निघालेली गाडी मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत किनवटला पोचली. भोकर मागे पडलं की डोंगर आणि सागाचं रान सुरू होतं. स्टेशनावर मराठीच्या जोडीला तेलुगू कानावर येते. 1956 पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यं बदलली पण नाती राहिली. संध्याकाळच्या एसटीनं माहूर गाठलं.

मंगळवार, माहूर

उतरलोय पुजाऱ्यांच्या घरी. गावात आता लॉज आहेत, भक्तनिवास आहे. तरी आईनं निघताना बजावलं होतं, ‘उपाध्यांकडेच राहा.’ ओसरीवर टेकलो तोच काकांनी विचारलं, “गाव कोणतं? कूळ कोणतं?” माझं नाव नंतर.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी कापडात बांधलेली वही सोडली. कोणत्या गावचं कूळ, कोण कधी आलं, सोबत कोण होतं, सारं तीत आहे. जुनी पानं मोडीत. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाचं पान निघालं आणि त्यावर पणजोबांची सही! मी त्यांना पाहिलेलं नाही. त्या अक्षरांवर बोट ठेवून बराच वेळ बसलो.

“इथं राहायचे किती मागता?” मी विचारलं. “मागत नाही. यजमान देतील ते देवीचं,” काका म्हणाले. स्वयंपाक काकूंचा, पाणी तापवायचं काम सुनेचं. मुलगा नांदेडला नोकरीला, नवरात्रात रजा काढून येतो.

या पिढीजात पाहुणचारावरून आठवलं: जपानमध्ये कोमात्सुजवळच्या आवाझू गावात, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी, होशी नावाची सराई आहे. परंपरा तिची स्थापना 718 सालची सांगते, आणि एकाच घराण्याच्या 46 पिढ्यांनी ती चालवली. तिचं नाव जगभर झालं. माहूरच्या या ओसऱ्यांची दखल आपणही घेतलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बुधवार, गडावर

पहाटे पायऱ्या चढलो. रेणुकेचा शेंदरी मुखवटा, पुरणाचा नैवेद्य आणि कुटलेल्या विड्याचा तांबूल. तो जिभेवर विरघळतो. पुढे दत्तशिखर, अनसूया. समोर रामगड किल्ला. याच माहूरच्या देशमुख घराण्यातल्या सावित्रीबाईंना मोगलांनी ‘रायबागन’ किताब दिला. 1661 सालच्या उंबरखिंडीच्या लढाईत त्या मोगल सरदार कारतलबखानाबरोबर होत्या. यादव, बहमनी, मोगल, निजाम असे धनी बदलत गेले, यात्रा थांबली नाही. आणि यात्रेकरू आला म्हणजे त्याला रात्रीचं छप्पर लागतंच. ते या घरांनी दिलं.

गुरुवार, उनकेश्वर

पैनगंगेकाठी गरम पाण्याची कुंडं आणि महादेव. अंगदुखीवाले लांबून येतात. तासभर थांबून परत फिरलो.

माहूर सोडताना काकांना वहीबद्दल विचारलं. कडा झिजल्यात, काही पानांना कसर लागलीय. त्यांच्या परवानगीनं आमच्या कुळाचं पान मोबाइलवर टिपून घेतलं. वाचकहो, कुळदैवताला जाल तेव्हा आपल्या उपाध्यांकडे वही मागा, त्यांची हरकत नसेल तर आपलं पान टिपून ठेवा, आणि मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला सोबत न्या.