आनी आणि आख्तामार : दोन पत्रे

कार्स

बाबा,

काल आनीचे भग्नावशेष पाहिले. तुर्कस्तान व आर्मेनिया यांच्या सरहद्दीवर, आखुर्यान नदीच्या कड्यावर, आर्मेनियन बाग्रातुनी राजांची ही राजधानी ओसाड पडली आहे. आणि ज्या त्रदात नामक स्थपतीने कॉन्स्टँटिनोपलच्या आया सोफियाचा भूकंपाने ढासळलेला घुमट पुन्हा उभारून दिला, त्याच्याच हातचे, १००१ साली पूर्ण झालेले येथील महामंदिर आज स्वतः घुमटावाचून उभे आहे. १३१९ च्या भूकंपाचा तो घाला. त्याबद्दल कोणास बोल लावावा? परंतु १९२१ साली अंकारा सरकारच्या मंडळीतील रझा नूर यांनी या नगरीचे नामोनिशाण पुसून टाकण्याचा हुकूम सेनापती काझिम काराबेकिर यांस धाडला होता. आर्मेनियाचा रणांगणात पराभव करणाऱ्या त्याच सेनापतीने तो हुकूम अमान्य केला, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. दिगोरजवळच्या ख्त्स्कोंक मठास असा कैवारी लाभला नाही. तेथील पाच मंदिरांपैकी संत सार्गिसाचे तेवढे, तेही फाटलेल्या भिंतींनिशी, शिल्लक आहे.

वान

बाबा, आज नावेने वान सरोवरातील आख्तामार बेटावर गेलो. गागिक आर्त्सरुनी राजाने ९१५ ते ९२१ या काळात मानुएल नामक साधूकडून बांधवून घेतलेल्या मंदिराच्या तांबूस भिंतींवर माशाच्या मुखात जाणारा योना आहे, गोलियथासमोर उभा दावीद आहे, वर द्राक्षवेलींची दाट पट्टी आहे, आणि मंदिराची प्रतिकृती हाती घेऊन ती ख्रिस्तास अर्पण करणारा खुद्द राजाही आहे. हे सारे १९५१ साली पाडले जात होते! एका डॉक्टराकडून ती वार्ता कळताच यशार केमाल या तरुण तुर्की वार्ताहराने आपल्या संपादकांकरवी मंत्र्यांपर्यंत धाव घेतली आणि पाडकाम थांबले. लगतचे लहान प्रार्थनागृह मात्र तोवर जमीनदोस्त झाले होते. एवढी मोठी कला एका माणसाच्या तत्परतेवर तगून राहावी, याने मन अस्वस्थ होते.

२००७ साली दुरुस्तीनंतर सरकारने येथे संग्रहालय उघडले. ती दुरुस्ती मला मनापासून आवडली. २०१० साली वर्षातून एकदा उपासनेची परवानगी मिळाली. पण १९१५ च्या आर्मेनियनांच्या संहारानंतर वानमध्ये या मंदिराचे यजमानच उरले नाहीत, म्हणून उपासनेसाठी धर्मगुरू इस्तंबूलहून येतात. पुढील पत्र दियारबकिरहून लिहीन. तेथील सूर्प गिरागोस हे आर्मेनियन मंदिर २०११ साली दुरुस्त झाले, चकमकींत पुन्हा उद्ध्वस्त झाले, आणि २०२२ साली पुन्हा उघडले आहे.